मोतीचं पान

पोळ्याच्या करीची दुपार. घरोघरी मटण झालेलं, अर्धं गाव लवंडलेलं, अन् आम्ही चौघं पिंपळाच्या पारावर. बंडू घरून जर्मनचा गंज घेऊन आला. तळाशी रस्सा, वर बोटभर तर्री, त्यात कुस्करलेली पोळी अन् चघळून टाकलेली हाडकं. मोती शेपटीनं धूळ उडवत हजर.

"अबे थांब," मी म्हटलं. "कांदा किती हाय त्यात?"

"दोन किलो मटणाले एक किलो. काहून? मोतीचा उपास हाय का?"

झालं सुरू. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. भाजा, वाटा, शिजवा, तो गुण जात नाही. मांजराला तर वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅम कांदाही बाधतो. तीन किलोच्या मांजरीला 15 ग्रॅम, म्हणजे दोन-चार पाकळ्या!

"आमच्या आज्यानं जलमभर हेच चारलं. कोणतं कुत्रं मेलं?"

"तुह्या आज्याच्या घरी उरत काय होतं बे?" काका मधातच बोलले. "खाणारे अकरा, मटण एक किलो. कुत्र्याले ताक-भाकर. रस्सा त्याच्या बापानं तरी पायला होता का?"

बंडू गप्प. मी मात्र बोलतच सुटलो, कारण मागच्या वर्षी आमच्या मनीला रस्स्यातली पोळी मीच घातली होती. तीन दिवस. वाडगं चाटूनपुसून लख्ख करायची. चौथ्या दिवशी चुलीमागून उठेना. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी आधी कांद्याचंच विचारलं. वाचली, पण महिनाभर उडी म्हणून मारली नाही.

"बरं, हाडकं तरी टाकू दे."

तीही नाही. शिजलेलं हाड चावलं की चिपा निघतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. अन् त्या तर्रीनं स्वादुपिंड सुजतं, मग ओकाऱ्या.

सुरेशला एकदम सुचलं. "नैवेद्यात कांदा-लसूण नसते. तेच चारा!"

डोकं चालवलं पठ्ठ्यानं. पण शिऱ्यात किसमिस असते, अन् तिनं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. पुरणपोळी तर तुपात बुडालेली.

"मंजे देवाचं पानही नापास!"

काकांनी तंबाखू झटकली. "पंधरा दिवसानं पितरं बसतीन. कावळ्याचं पान जेवाच्या आंधी काढता, गायीचा घास आंधी काढता. मंग मोतीचंच काहून मांगून? मटण शिजलं का मसाला, मीठ पडाच्या आंधी दोन बिनहाडाचे तुकडे काढा, बिनमिठाचा भात मिसळा. झालं त्याचं पान."

"काका, तवा पाहुण्यायलेच पुरते का नाई, याची चिंता असते!"

याला कोणाकडं उत्तर नव्हतं. बंडूनं गंज उचलून पाराच्या वरच्या अंगाला ठेवला.

"मंग याचं करू काय आता?"

"खा तू."

"माह्यं झालं ना बाप्पा, दोन खेपा."

मोती मान वर करून गंजाकडंच पाहत बसलेला.