३२ वजा करायचे ते तापमानातून, गुणांकातून नव्हे

‘अमेरिकन ड्रॉइंगवाल्यांनी सेव्ह करून ठेवा’ असं डोक्यावर लिहिलेला एक मेसेज सध्या कोल्हापुरात शिरोलीपासून कागलपर्यंत क्वालिटीवाल्यांच्या ग्रुपांत फिरतोय. त्यातली विद्या अशी: धातूचा प्रसरण गुणांक फॅरेनहाइटमधून सेल्सियसमध्ये आणायला ३२ वजा करा आणि ५/९ ने गुणा. केल्विनमध्ये हवा असेल तर त्यात २७३ मिळवा. ड्रॉइंग इंचात असेल तर २५.४ ने गुणा. आणि वर हेही की फॅरेनहाइटचा आकडा लहान येतो, म्हणजे अमेरिकन स्टील कमी फुगतं.

माझा भाचा गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला लागलाय. त्यानं हे वहीत उतरवून घेतलं. ‘मामा, एवढ्या सिनियर लोकांनी अंगठे दिलेत,’ हे त्याचं उत्तर. अंगठ्यांनी गणित सुटत असतं तर काय हवं होतं!

आधी ३२ चं बघू, कारण नुकसान तिथंच आहे. तापमान एका अंशानं वाढलं की एक मीटर लांबीमागं किती मायक्रॉन (मीटरचा दहा लाखावा भाग) वाढ होते, हे गुणांक सांगतो. तो एक अंश कुठून कुठे गेला, हे त्यात विचारलेलंच नाही. ३२ हा तर दोन मापांचे शून्य वेगवेगळ्या जागी असल्याचा हिशोब. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे शके १५९६; निधन १६८०, म्हणजे शके १६०२. दोन्हीकडे मधली वर्षं सहाच. त्या सहातून कुणी पुन्हा ७८ वजा करत नाही.

साध्या कार्बन स्टीलचा गुणांक फॅरेनहाइटच्या तक्त्यात साधारण ६.५ असतो, म्हणजे ०.०००००६५. मेसेजप्रमाणे यातून ३२ वजा करून ५/९ ने गुणा. उत्तर येतं उणे १७.८. म्हणजे मीटरभर लांबीचा रॉड एका अंशानं तापवला की जवळजवळ अठरा मीटरनं आखूड व्हायचा. असा रॉड उद्यमनगरात कुणाकडं असेल तर मला बघायचाय.

पण एवढं हास्यास्पद उत्तर आलं असतं तर पोरगं थांबलं तरी असतं. त्यानं शून्यं बाजूला ठेवून नुसते ६.५ घेतले. ६.५ वजा ३२, गुणिले ५/९: उणे १४.२. उणे चिन्ह ‘टायपिंगची चूक असेल’ म्हणून खोडलं आणि १४.२ वहीत बसला. बरोबर उत्तर ११.७ आहे. १४.२ बघून कुणाला शंका येत नाही, हीच खरी गोम. आता हाच प्रयोग ॲल्युमिनियमवर करा. तिथं तक्त्यात १३ च्या आसपास असतं. या पद्धतीनं होतं १०.६. म्हणजे ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा कमी फुगतं! ज्यानं ॲल्युमिनियमचं हाउसिंग नुसतं गरम करून त्यात बेअरिंग बसवलंय, त्या हेल्परलाही हे पटणार नाही. ३२ च्या खालचा कुठलाही आकडा या सूत्रात घाला, आधी जो जास्त फुगायचा तो कमी फुगतो, क्रमच उलटा.

यानं काय बिघडतं? ३०० मिलिमीटर बोअरचा ॲल्युमिनियमचा जॉब घ्या. मे महिन्यात शॉपमधून ३५ अंशांवरचा तसाच उचलून २० अंशांच्या एसी रूममध्ये सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या यंत्रावर, ठेवला. पंधरा अंशांची दुरुस्ती ॲल्युमिनियमच्या बरोबर गुणांकानं, २३.४ नं, केली तर १०५ मायक्रॉन, १०.६ नं केली तर ४८. फरक ५७ चा. या साइजला एच-७ या नेहमीच्या दर्जाची अख्खी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमीजास्त, ५२ आहे. चांगला जॉब रिजेक्ट, नाहीतर वाईट जॉब पास. (खरं तर जॉबला थंड व्हायला वेळ द्यावा, पण डिस्पॅचची गाडी दारात उभी असते.)

बरं, ३२ सोडून दिले तरी मेसेजचा ५/९ उलटाच. सेल्सियसचा एक अंश म्हणजे फॅरेनहाइटचे १.८ अंश. मोठ्या अंशाला वाढही मोठी, म्हणून ६.५ ला १.८ नं गुणायचं. अमेरिकेच्याच राष्ट्रीय मानक संस्थेची, एनआयएसटीची, एककांवरची मार्गदर्शिका आहे, विशेष प्रकाशन ८११. तिच्या रूपांतराच्या तक्त्यात ‘तापमान’ आणि ‘तापमानातलं अंतर’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. ३२ फक्त पहिलीत. दुसरीत फॅरेनहाइटच्या एका अंशाचं अंतर म्हणजे सेल्सियसचे ५/९ एवढंच. आणि गुणांकात तापमानाचा अंश (डिग्री) छेदात असतो, म्हणून तिथं ते ९/५ होतं. ड्रॉइंग पाठवणाऱ्यांच्याच देशाचा कागद आहे, आता तरी माना.

एवढं मात्र कबूल करतो की ३२ अगदीच निरुपयोगी नाही. ड्रॉइंगवर मापं ६८ अंश फॅरेनहाइटला आहेत असं लिहिलेलं असतं, ते २० सेल्सियस करताना ३२ वजा करावेच लागतात. तक्त्यात ६८ ते २१२ अशी मर्यादा दिली असेल तर तिलाही लागतात. आणि गुणांक तापमानाबरोबर थोडा बदलतो, त्यामुळे ती मर्यादा वाचायलाच हवी. मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा.

बाकीचं झटपट. केल्विनचा आणि सेल्सियसचा अंश एकाच आकाराचा, म्हणून गुणांक तोच राहतो. २७३ मिळवणं म्हणजे निव्वळ थट्टा. इंचामागं इंच काय नि मीटरमागं मीटर काय, गुणोत्तर तेच, २५.४ चा इथं संबंध नाही. अमेरिकन स्टीलचं तर काय बोलावं! फॅरेनहाइटचा अंश लहान म्हणून आकडा लहान, स्टील तेच.

तक्ता कुठल्या मापाचा आहे हे वर छापलेलं नसेल तर साध्या कार्बन स्टीलची ओळ शोधा. समोर सहा-साडेसहा दिसला तर फॅरेनहाइट, अकरा-बारा दिसला तर सेल्सियस. स्टेनलेसवरून ठरवायला जाऊ नका. ३०४ या स्टेनलेसच्या जातीचा फॅरेनहाइटमधला आकडा साडेनऊच्या पुढं असतो आणि घाईत तो कार्बन स्टीलचा सेल्सियसमधला वाटून जातो.