म्हाताऱ्या माणसांशी एकट्यात बोला, प्लीज

"घरात सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न आपण म्हाताऱ्या माणसाला घरच्यांच्या समोर विचारतो आणि "हो, मस्त" असं उत्तर आलं की समाधानाने निघतो. मला याचा खरंच राग येतो. सांगणार कसं ते माणूस सगळ्यांसमोर?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ६० च्या पुढच्या दर ६ जणांत १ जणाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो, आणि २४ मधलं एखादंच प्रकरण उघडकीला येतं. त्यात मारहाण कमी, सगळ्यात जास्त मानसिक छळ, मग पैसे लुबाडणं, मग दुर्लक्ष. म्हणजे अंगावर वळ नाहीत म्हणून सगळं बरं चाललंय असं धरून चालू नका.

आणि त्यांना बोलायचं नसतं असं नाही हो. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच रात्री औषध देणार असतो, तोच हात धरून बाथरूमला नेणार असतो, वर पोटच्या पोराची बदनामी नको, आपणच वाढवताना कुठे कमी पडलो ही लाज, आणि बोललो तर उचलून वृद्धाश्रमात टाकतील ही भीती. एवढं सगळं डोक्यात असताना कोण तोंड उघडेल?

म्हणून एकट्यात भेटा आणि साधं विचारा. एटीएम कार्ड कोणाकडे असतं? न वाचता कशावर सही घेतली का? फोन, चष्मा, कानाचं मशीन कोणी काढून ठेवतं का? घरात कोणाची भीती वाटते का? मग गप्प बसा, त्यांना वेळ लागतो. "तुमचा मुलगा असं करणारच नाही" हे चुकूनही म्हणू नका, एवढ्यानेच माणूस कायमचं गप्प होतं. विसरभोळेपणा आहे म्हणून बोलणं उडवूनही लावू नका, तारीख आठवत नसेल पण भीती खरी असू शकते.

आणि कळल्या कळल्या तावातावाने जाब विचारायला तर अजिबात जाऊ नका. तुम्ही भांडून घरी जाता, मागे दार लागतं आणि आत ते दोघंच उरतात. आधी त्यांनाच विचारा, तुम्हाला काय हवंय? कोणाला फक्त कार्ड परत हवं असतं, कोणाला ओरडणं थांबायला हवं असतं, पोलीस नको असतात. निर्णय त्यांचा. जिवाला धोका असेल तर मात्र वाट बघू नका, लगेच मदत बोलवा. एरवी डॉक्टर, हॉस्पिटलमधले समाजसेवक, बँक, हेल्पलाईन, वकील, जिथे जायचं तिथे सोबत जा. कधी काय झालं ते लिहून ठेवा, फोटो असतील तर त्यांना विचारून तुमच्याकडे ठेवा, त्या घरात नको.

सांभाळणारा थकलेला असतो हे मला मान्य आहे, त्यालाही मदत मिळायला हवी, पण म्हणून हात उगारणं चालणार नाही.

पहिल्या भेटीत बहुतेक "काही नाही गं" असंच ऐकायला मिळेल. काही दिवसांनी परत जा, परत एकट्यात बसा.