सूड न घेणारी बाल्सा

परागंदा झालेली लढवय्यी मुलगी म्हटलं की गोष्ट कुठे जाणार ते हल्ली पहिल्या पन्नास पानांत कळतं. अपमान, तलवारबाजी, सूड, शेवटी सिंहासन. किशोरवाचकांना याहून जास्त मिळायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि ते नाहोको उएहाशी या जपानी लेखिकेने १९९६ सालीच 'मोरिबितो' मालिकेतून दिलंय. (मी इंग्रजी अनुवाद वाचला.)

बाल्सा ही मालिकेची नायिका. तिचे वडील कानबाल या राज्याचे राजवैद्य. राजाचा भाऊ रोगसाम मुलीच्या जिवाची धमकी देऊन त्यांना राजावर विषप्रयोग करायला लावतो. आता आपलाही काटा काढणार हे ओळखून ते सहा वर्षांच्या बाल्साला जिगुरो या भालाईत मित्राच्या हवाली करतात. मागावर येतात ते जिगुरोचेच जिवलग. पोरीला जगवायचं म्हणून तो आठ मित्रांना मारतो.

मालिका सुरू होते तेव्हा बाल्सा तिशीची आहे. रोगसाम कधीच मेलाय, सूड घ्यायला कोणी उरलेलंच नाही. उरलेत ते आठ जीव. तेवढे जीव वाचवायचे असं तिने ठरवलंय आणि पोटासाठी ती भाला घेऊन लोकांची राखण करते. मला हे फार खरं वाटतं. देश सुटलेल्या माणसाला आधी रोजची भाकरी मिळवावी लागते.

मग शेजारच्या देशात, नदीत पडलेला तिथला राजपुत्र चागुम तिच्या पदरात येतो. त्याच्या अंगात जलदेवतेचं अंडं आहे, म्हणून खुद्द सम्राट बापच त्याच्या जिवावर उठलाय. दरबारी इतिहास सांगतो की राजघराण्याच्या मूळ पुरुषाने पाण्यातला राक्षस मारला. तिथल्या मूळ रहिवाशांची, याकूंची, कथा सांगते की तो राक्षस नव्हताच, त्याच्यामुळे पाऊस पडतो. पण याकूंनाही आता सगळं आठवत नाही. सणांच्या प्रथांमध्ये तुकडे उरलेत आणि त्यांवरून पोराचा जीव कसा वाचवायचा ते शोधावं लागतं. उएहाशी स्वतः मानववंशशास्त्रज्ञ, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये काम केलेल्या. लोकस्मृती कशी झिजते हे त्या जाणतात, म्हणून ही जादू पोकळ वाटत नाही.

त्यांना २०१४ साली बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

घरातल्या मुला-मुलींना मालिकेचा पहिला भाग द्याच, पण दुसरा भागही सोबत द्या. त्यात बाल्सा कानबालला परतते आणि तिथे जिगुरोला देशद्रोही ठरवून त्याचा सख्खा भाऊ वीर म्हणून मिरवत असतो.