पंचवीस डॉलर नेमके जातात कुठे?

फेसबुक-व्हॉट्सॲपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्या रूपात फिरतो. सार असं: सरकारं आणि मोठ्या मदतसंस्था गरिबीपुढे हरल्या. आता जगभरचे सामाजिक उद्योजक, म्हणजे समाजाचा प्रश्न सोडवायला धंदा उभारणारे, इंटरनेटवर एकमेकांशी जोडले गेलेत, त्यामुळे मधला माणूस गेला. तुम्ही घरबसल्या 25 डॉलर टाका, ते थेट केनियातल्या भाजीवालीच्या हातात पडतील, ती ते फेडेल, जो गरजू त्याला मदत मिळेल, चांगली कल्पना या जाळ्यातून जगभर पोचेल, आणि अशी एकेका क्लिकने गरिबी हटेल. पुराव्याला 'किवा' या लोकांकडून पैसे घेऊन गरिबांना छोटी कर्जं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचं नाव आणि तिथल्या परतफेडीचा आकडा असतोच. पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मजकुराबद्दल आहे.

सुरुवात 'थेट' या दाव्यापासून. किवा 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. संकेतस्थळावर कर्जदाराचा फोटो, तिची गोष्ट आणि हवी असलेली रक्कम. डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने 2009 मध्ये दाखवून दिलं, की ज्या बाईच्या फोटोवर तुम्ही क्लिक करता तिला कर्ज बहुतेक वेळा आधीच मिळालेलं असतं. तिथली सूक्ष्मवित्त संस्था, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणारी संस्था, तिला पैसे देऊन मोकळी होते, फोटो नंतर चढतो, आणि तुमचे 25 डॉलर त्या संस्थेकडे जातात. तुम्ही हात आखडता घेतलात म्हणून तिचं कर्ज रद्द होत नाही. रूडमनना ही पद्धत चुकीची वाटत नव्हती, हे लक्षात घ्या. परदेशातला कुणी फोटो पसंत करेपर्यंत गरजू बाईला ताटकळत ठेवणं हाच मूर्खपणा ठरला असता. त्यांचा आक्षेप होता तो सांगितलं जातं एक आणि घडतं दुसरं, याला. किवाने त्यानंतर आपली भाषा बदलली. आपल्याकडे फिरणाऱ्या मजकुराने अजून बदललेली नाही.

म्हणजे मधला माणूस जागेवरच आहे. आणि तो असायलाच हवा! पैसे देणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. वस्तीत जाऊन कुणाला खरंच गरज आहे ते ओळखणं, हप्ते गोळा करणं, कुणाचा धंदा बसला आणि कुणी नुसतंच टाळतंय यातला फरक कळणं, हे त्या संस्थेचा पगारी माणूस उन्हातान्हात करतो. त्याचा पगार आणि पेट्रोल निघतं ते व्याजातून. म्हणून आपण बिनव्याजी दिलेल्या पैशावर भाजीवाली व्याज भरते, अनेक ठिकाणी वर्षाला 30 टक्क्यांच्या घरात. हा घोटाळा नव्हे, छोटी कर्जं दारोदार वाटण्याचा तो खर्च आहे. पण 'क्लिक आणि गरीब यांच्यामध्ये कुणी नाही' हे वाक्य त्यात बसत नाही.

'जो गरजू त्याला मदत' हेही तपासलं गेलंय. किवाच्याच माहितीवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दिसायला चांगल्या, उजळ वर्णाच्या आणि सडपातळ कर्जदारांकडे देणाऱ्यांचा कल जास्त निघाला. फोटो बघून निवडा म्हटलं की माणूस स्थळं बघितल्यासारखा निवडतो. गरज किती, हे फोटोत दिसत नाही.

मजकुराचा पुढचा दावा: 'किवावर सुमारे 96 टक्के कर्ज परत येतं, म्हणजे गरिबी हटतेय.' परतफेडीने एवढंच कळतं, की पैसे परत आले. ते धंद्यातून आले, दागिना मोडून आले की दुसरीकडून उसने आणून, ते कळत नाही. आंध्र प्रदेशातही सूक्ष्मवित्ताची वसुली 98 टक्क्यांच्या आसपास असल्याचं अभिमानाने सांगितलं जात होतं. 2010 मध्ये तिथे एकेका घरावर तीन-चार कर्जं आणि वसुलीचा जाच अशी स्थिती झाली आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. 2015 मध्ये हैदराबादसह सहा देशांतल्या सूक्ष्मवित्ताच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र छापून आले. काहींचा धंदा थोडा वाढला, पैशाची ओढाताण सांभाळणं सोपं झालं, पण सरासरी कुटुंबाचं जगणं बदलून टाकणारा परिणाम कुठेच दिसला नाही.

आता 'चांगली कल्पना जाळ्यातून जगभर पोचते'. पोचते, वाईटही तितक्याच वेगाने. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याला पाण्याचा पंप जोडला होता, नाव 'प्लेपंप'. 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली. व्हिडिओ गोड होता. पुढे 'गार्डियन'ने हिशेब मांडला: एका पंपाने 2,500 माणसांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात पाळणा बायकाच ढकलत बसल्या.

याउलट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक घ्या. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज तोंडी विचारा, तुमचे साहेबही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवू देत. 1997 साली बँक उभी राहिली. मजुरी बुडवून बँकेत येणं परवडत नाही म्हणून बँकच दारात जायला लागली. हा शहाणपणा म्हसवडच्या बाजारात सुचला. जगभरच्या व्यासपीठांवर ही गोष्ट सांगितली गेली ती बऱ्याच नंतर. ओळखी, भांडवल, प्रसिद्धी यासाठी जाळं कामाचं असतं, एवढं मी मान्य करतो.

सगळ्यात खटकतं ते 'सरकारं हरली'. 1990 मध्ये जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं अत्यंत गरिबीत होती. कोविडच्या आधी हे प्रमाण दहात एकाच्याही खाली आलं. चीनमध्येच चाळीस वर्षांत साधारण 80 कोटी माणसं त्यातून बाहेर पडली, ती शेतीची फेररचना, कारखाने आणि रस्ते यांच्या जोरावर. किवाने दोन दशकांत उभं केलेलं कर्ज 2 अब्ज डॉलरच्या वर आहे, म्हणजे ढोबळमानाने 17 हजार कोटी रुपये. मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेची, 2023-24 या एकाच वर्षाची मूळ तरतूद 60 हजार कोटींची होती.

आणि त्या मनरेगाचं मूळ आपल्याच मातीत. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात 1965 मध्ये करून पाहिलेली कल्पना 1972च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी म्हणून उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. हजेरीपटावर खोटी नावं चढली, मजुरी रखडली, हे सगळं खरं. तरी काम मागणाऱ्याला ते मिळण्याचा हक्क होता. स्वतःचा फोटो आणि करुण कहाणी द्यावी लागत नव्हती.

पगाराच्या पावतीवर 'पी.टी.' म्हणून महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात ना? (फेब्रुवारीत 300, कारण वर्षाची मर्यादा 2,500.) हा व्यवसाय कर 1975 साली रोजगार हमीसाठीच लागला. मुंबई-पुण्याचा नोकरदार जत-आटपाडीच्या मजुराशी तेव्हापासून जोडलेला आहे, कुणाला मदत करायची हे न निवडता. हा पैसा आज कुठे खर्च होतो, हे मात्र अर्थसंकल्पाच्या दिवसांत आपल्या आमदाराला विचारता येतं. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी विचारलंय का?