शाखा, पगार आणि तास: फिरणाऱ्या तक्त्याला एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

नीट-पीजी या डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेनंतर शाखा आणि कॉलेज निवडण्याचे, म्हणजे चॉइस फिलिंगचे, दिवस जवळ आले की एक तक्ता मोबाइलवर फिरू लागतो. कळव्याच्या, नेरुळच्या, कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजांतल्या इंटर्न मुलांकडे तो असतोच, आणि ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपवरही असतो. पहिल्या रकान्यात शाखा, दुसऱ्यात वर्षाचं उत्पन्न, तिसऱ्यात आठवड्याचे तास. खाली सल्ला: रँक असेल तर स्किन किंवा रेडिओलॉजी घ्या, सहा तास काम आणि रात्रीची शांत झोप, बालरोग आणि मेडिसिनमध्ये मेहनत फार, पैसा नाही, कारण त्यात कौशल्य कमी, भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन बसून राहतो, मुलींनी तर इमर्जन्सीच्या शाखांकडे बघूच नये.

मी ठाण्यात भूलतज्ज्ञ आहे. घोडबंदर रोडपासून ऐरोली-वाशीपर्यंतच्या नर्सिंग होममध्ये केस करते. हा तक्ता वाचून मुलं पुढच्या तीस वर्षांचा निर्णय घेतात हे बघते आणि गप्प बसवत नाही. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

“ऑर्थो, प्लास्टिक सर्जरी सर्वांत वर, बालरोग तळाला. आकडे खोटं बोलत नाहीत.”

आकडे अमेरिकेचे आहेत. डॉलरला रुपयांनी गुणून ते आपल्यापुढे ठेवलेत. तिथल्या मेडस्केपच्या वार्षिक पाहणीत हाच क्रम वर्षानुवर्षं दिसतो, आणि त्यामागे तिथली देयकपद्धत आहे. १९९२ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत प्रत्येक सेवेला मोबदला ठरवणारा ठरावीक भारांक दिलेला असतो. ते भारांक सुचवणाऱ्या समितीत स्पेशालिस्टांच्या संघटनांचा वरचष्मा असल्याची टीका तिथेच होत आली आहे. परिणाम असा की शस्त्रक्रियेला, दुर्बिणीच्या तपासणीला (स्कोपीला) वजन जास्त, आणि अर्धा तास बसून रुग्णाची हकिकत ऐकण्याला कमी.

आपल्याकडे सगळ्यांना लागू होणारे असे भारांक नाहीत. इथे डॉक्टरच्या हातात काय पडतं ते विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचं, म्हणजे टीपीएचं, पॅकेज ठरवतं, रुग्णाचा खिसा ठरवतो, हॉस्पिटलशी झालेला करार ठरवतो. हिरानंदानी इस्टेटमधला बालरोगतज्ज्ञ आणि मुरबाडमधला बालरोगतज्ज्ञ यांच्या मिळकतीत जेवढी तफावत असेल, तेवढी एकाच इमारतीत ओपीडी चालवणाऱ्या दोन वेगळ्या शाखांच्या डॉक्टरांत असेलच असं नाही. शाखेचा एकच आकडा लिहिला की हे सगळं झाकलं जातं.

सरकारी नोकरीत तर शाखेने फरकच पडत नाही. रेसिडेंटचा, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात काम करणाऱ्या पीजी डॉक्टरचा, स्टायपेंड रेडिओलॉजीला वेगळा आणि स्त्रीरोगाला वेगळा नसतो. सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणीही शाखा बघून ठरत नाही.

“रेडिओलॉजीत आठवड्याला चाळीस तास, सर्जरीत साठ. हिशेब सोपा आहे.”

हिशेब करायचाच तर पूर्ण करू. समजा एकीला आठवड्याला ६० तासांच्या कामाचे महिन्याला ३ लाख मिळतात, दुसरीला ४० तासांचे २ लाख २० हजार. चार आठवड्यांचा महिना धरला तर पहिलीला तासाला १२५० रुपये पडतात आणि दुसरीला १३७५. म्हणजे तक्त्यात वर असलेली बाई तासाच्या भावात खाली गेली. आता पहिलीच्या महिन्यातल्या आठ ऑन-कॉल रात्री, बारा-बारा तासांच्या, त्यात मिळवा. तिचा भाव ९०० च्याही खाली उतरतो. त्या रात्री ती घरी असते, पण फोन उशाशी असतो. लोणावळ्याला जाता येत नाही, कोणाच्या लग्नात निवांत थांबता येत नाही. तक्त्यातल्या तासांत ही बांधिलकी कुठे आहे? बहुतेक डॉक्टरांना तास विचारले की ते ओपीडी आणि ऑपरेशन थिएटरचे (ओटीचे) तास सांगतात. बोलावणं येईल म्हणून अडकून राहिलेले तास कोणी सांगत नाही, आणि त्याचे पैसेही सहसा कोणी देत नाही.

एवढं मान्य करते की तासाने भागलं तरी फरक पूर्ण मिटत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांची ताशी मिळकत सुमारे ६० डॉलर निघाली होती आणि सर्जनची सुमारे ९२. म्हणजे काही शाखांना खरोखरच कमी मिळतं. पण का, हे तक्ता चुकीचं सांगतो. ते पुढे येईलच.

रेसिडेन्सीच्या तासांबद्दल तक्ता काहीच बोलत नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत दिवसाला साधारण १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची. बत्तीस वर्षांनी मर्यादा कडक होण्याऐवजी सैल झाली, यावरून वॉर्डात काय चालतं ते समजावं.

“स्किन-रेडिओमध्ये रात्र नाही, डोक्याला ताप नाही.”

सायन-पनवेल हायवेवर किंवा एक्स्प्रेस वेवर रात्री अपघात झाला की कामोठे-पनवेलच्या कॅज्युअल्टीत पेशंट येतो आणि आधी सीटी होतो. तो सीटी वाचणारं कोणीतरी जागं असतं. सोनोग्राफीचा ताप वेगळा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरावा लागतो. त्यातली त्रुटीसुद्धा कायद्याचा भंग धरली जाते, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी कायम ठेवल्या. मुलींच्या जिवासाठी हा कायदा कडक हवाच. पण “ताप नाही” म्हणणाऱ्याने एकदा सोनोग्राफी सेंटरची तपासणी चालू असताना तिथे बसून बघावं.

शिवाय स्वतःचं सेंटर म्हणजे मशीनचा हप्ता, आणि पेशंट पाठवणाऱ्यांवर अवलंबून राहणं. कट प्रॅक्टिसचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याचा, प्रश्न एवढा मोठा आहे की २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला घेतला होता. कट द्यायचा नाही असं ठरवणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं उत्पन्न तक्त्यातल्या आकड्याशी जुळत नाही, आणि अशी सरळ माणसं या व्यवसायात आहेत. स्किनमध्ये लेझरच्या मशीनचंही तसंच. अनेक अभिमत विद्यापीठांत या दोन शाखांची तीन वर्षांची फी कोटीच्या पुढे जाते, तीही कोणी वजा केलेली नाही.

“बालरोगात पैसा नाही, कारण कौशल्य कमी लागतं. भूलतज्ज्ञ बसूनच असतो.”

हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं.

रात्री दोन वाजता घोडबंदरच्या एखाद्या मॅटर्निटी होममधून फोन येतो: बाळाचे ठोके पडतायत, इमर्जन्सी सीझर. स्त्रीरोगतज्ज्ञ, मी आणि बालरोगतज्ज्ञ, तिघं तीन घरांतून निघतो. मी भूल देते. पाठीत सुई गेल्यावर काही मिनिटांत आईचं ब्लडप्रेशर कोसळू शकतं. ते सावरायचं, रक्तस्राव झाला तर शिरा सापडेनाशा होण्याआधी मोठ्या लाइन टाकायच्या, श्वास जपायचा. ‘बसलेली’ दिसते ती भूलतज्ज्ञ तेव्हा मॉनिटरचा प्रत्येक आवाज ऐकत असते. सर्व काही ठीक चाललंय असं दिसणं हेच तर माझं काम आहे.

बाळ बाहेर येतं, आणि रडत नाही. पहिल्या मिनिटाला आमच्यात गोल्डन मिनिट म्हणतात. तेवढ्या वेळात बालरोगतज्ज्ञाने बाळ पुसून, उबेत ठेवून, गरज पडली तर मास्कने श्वास सुरू करून द्यायचा असतो. मेंदूला ऑक्सिजन न मिळण्याचे परिणाम ते मूल आयुष्यभर भोगू शकतं. यापेक्षा मोठं कौशल्य मला तरी माहीत नाही.

आता बिल बघा. सीझरचं पॅकेज सर्जरीच्या नावावर. माझी फी बहुतेक ठिकाणी सर्जनच्या फीचा एक हिस्सा म्हणून धरलेली. बालरोगतज्ज्ञाची ‘बाळ अटेंड केलं’ अशी एक बारीक ओळ, आणि कॅशलेस असेल तर तीही पॅकेजमध्ये कापली जाते. म्हणजे पैसे मिळतात ते कापण्या-शिवण्याला, दिसणाऱ्या कृतीला. वेळेवर धावत येण्याला आणि अनर्थ टाळण्याला वेगळा रकाना नाही. बालरोग, मेडिसिन, भूल यांना कमी मिळतं ते या रकान्यांमुळे. त्यावर आपल्या संघटनांनी भांडायला हवं: भूलतज्ज्ञाची फी स्वतंत्र असावी, नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाला पॅकेजबाहेर मोबदला मिळावा, ऑन-कॉल रात्रीचा भत्ता असावा. मुलांना या शाखांपासून पळवून लावण्याने यातलं काहीच होणार नाही.

आणि पळवलीच तर काय होतं? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याचं सिव्हिल नव्या बांधकामासाठी हलवलं होतं आणि शहापूर, मुरबाड, भिवंडीहून येणारा गंभीर रुग्णांचा भार कळव्यावर आला होता. मृत्यूंची कारणं एका शाखेच्या टंचाईत कोंबता येणार नाहीत. पण तशा रात्री वॉर्डात आणि आयसीयूत उभे राहतात ते मेडिसिन, भूल, बालरोग, सर्जरीचेच रेसिडेंट.

“मुलींनी स्किन किंवा रेडिओच घ्यावं, घर सांभाळता येतं.”

घर एकट्या मुलीने सांभाळायचं असतं हे गृहीत धरूनच हा सल्ला दिला जातो. तो मला मान्य नाही, आणि माझ्या भाचीलाही मी तेच सांगितलं. व्यवहाराच्या बाजूनेही तो कच्चा आहे. रात्रीचं ओझं शाखेइतकंच एकट्याने प्रॅक्टिस करण्यातून येतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत भूलतज्ज्ञ आता ग्रुप करून काम करतात. रात्री वाटून घेतात, सुट्टीला एकमेकींच्या केसेस करतात. बालरोगतज्ज्ञही शनिवार-रविवारचा कॉल आपसात वाटतात. एकटी रेडिओलॉजिस्ट स्वतःचं सेंटर चालवत असेल तर तिला अशी बदली मिळणं उलट अवघड जातं.

म्हणून शाखेचा विचार करत असाल तर त्या शाखेत पाच-सात वर्षं काढलेल्या सिनियरला भेटा. महिन्यात रात्री किती उठावं लागतं, आजारी पडल्यावर केस कोण करतं, टीपीएचे पैसे किती महिन्यांनी येतात, कर्जाचा हप्ता किती, आणि सकाळी कामाला निघताना कसं वाटतं, हे विचारा. खरं सांगणारे भेटतात. मला विचारलंत तर मीही सांगेन: रात्रीचे फोन नकोसे होतात, आणि बाळ रडल्याचा आवाज ओटीत आला की मला दुसरी कुठलीच शाखा नको असते.