योग्य ड्रायव्हर नेमणे आहे

वेंगुर्ल्यातील एका काजू कारखान्याचा सगळा हिशेब आजही व्हिज्युअल बेसिक ६ या १९९८ सालच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. तो लिहिणारे गृहस्थ मुंबईस गेले आणि मूळ कोडही बहुधा त्यांच्याबरोबरच गेला. जुन्या सर्व्हरने मान टाकल्यावर मालकांनी मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०२२ हा डेटाबेस आणवला आणि या दोघांचे बोलणे घडवून आणणारा ड्रायव्हर निवडण्याचे काम माझ्याकडे आले.

‘‘जुन्यान चलता मा, मग नवीन कित्याक होया?’’ हा कारखान्यातल्या तात्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु विंडोजबरोबर आयत्या मिळणाऱ्या एसक्यूएलओएलईडीबी या जुन्या ड्रायव्हरला टीएलएस १.२ ही सांकेतिक बोली (एन्क्रिप्शनची पद्धत) कळत नाही, आणि नव्या सर्व्हरवर त्याहून जुने काही चालू ठेवलेले नव्हते. ‘एसएसएल सिक्युरिटी एरर’ एवढे बोलून तो गप्प बसला.

उरलेल्या ड्रायव्हरांची यादी म्हणजे कोकणातल्या सामाईक जमिनीचा सातबारा होता: कोण हयात आहे, कोण नाही, हे नावांवरून मुळीच कळेना. २००५ मध्ये आलेला नेटिव्ह क्लायंट हा ड्रायव्हर २०२२ च्या सर्व्हरबरोबर मिळेनासा झाला. प्रोग्रॅमने डेटाबेसशी बोलण्याच्या दोन पद्धती आहेत, ओएलई डीबी आणि ओडीबीसी; पैकी ओएलई डीबीला निरोप देऊन सर्वांनी ओडीबीसीकडे जावे, असे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले होते. २०१७ मध्ये तो निर्णय तिनेच फिरवला आणि पुढच्याच वर्षी नवा ओएलई डीबी ड्रायव्हर काढला. ज्यांनी मधल्या काळात आज्ञाधारकपणे सगळे प्रोग्रॅम बदलून घेतले, त्यांना काय वाटले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

तरीही मी आधी ओडीबीसीचा १८ क्रमांकाचा ड्रायव्हर बसवून पाहिला. सेटिंगच्या खिडकीत तो दिमाखात दिसत होता आणि चाचणीही उत्तीर्ण झाली. प्रोग्रॅमला मात्र मी त्या खिडकीत केलेली जोडणीची नोंद सापडेना. प्रोग्रॅम ३२ बिटांचा, तर मी उघडलेली खिडकी ६४ बिटांची होती. ६४ बिटांची खिडकी ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये राहते, ३२ बिटांची ‘सिसवाऊ६४’मध्ये, आणि दोन्ही फायलींचे नाव ‘ओडीबीसीएडी३२’ असेच आहे. हे ज्यांनी ठरवले, त्यांना कोणीतरी मालवणीत चार शब्द ऐकवायला हवेत.

शेवटी, प्रोग्रॅम एडीओ हा ओएलई डीबीवर चालणारा घटक वापरत असल्यामुळे, ओडीबीसीसाठी मध्ये लागणारा दुभाषा टाळून नवा ओएलई डीबी ड्रायव्हर घेतला. जोडणीची ओळ सुदैवाने एका आयएनआय फाइलीत, म्हणजे सेटिंगच्या साध्या मजकुराच्या फाइलीत, होती; तीत प्रोव्हायडरचे, म्हणजे ड्रायव्हरचे, नाव बदलले आणि नवे डेटा टाइप जुन्या प्रोग्रॅमला जुन्याच रूपात दिसावेत म्हणून ‘डेटाटाइपकम्पॅटिबिलिटी=८०’ जोडले. या ड्रायव्हरची नवी आवृत्ती, वेगळे सांगितले नाही तर, एन्क्रिप्शनविना बोलत नाही आणि सर्व्हरचे सर्टिफिकेट, म्हणजे त्याचे ओळखपत्र, तपासून पाहते. तपासणी बंद करण्याचा सल्ला जो तो देतो, पण मला तो पटत नाही, म्हणून रीतसर सर्टिफिकेट बसवले.

पहिले बिल निघताच तात्यांनी विचारले, ‘‘हो तरी किती वर्सां टिकतलो?’’ मी त्यांना २०११ आणि २०१७ ची हकिकत सांगितली आणि ती आयएनआय फाइल कुठे आहे, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.