अंगठा आणि चौदा पौंड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा घडवायचे नमुने, बनवलेल्या माणसाला भोकांविषयी कोणी शिकवू नये, ही माझी समजूत गणपतीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत शाबूत होती. त्या दिवशी बंगळूरहून आलेल्या भाच्याने आपला जुना बोलिंगचा चेंडू, म्हणजे घरंगळत सोडून पिना पाडायचा तो जड चेंडू, मला भेट दिला आणि वर बजावले, "मामा, भोकं माझ्या हाताच्या मापाची आहेत. तुम्ही बोटं घालू नका."

चेंडूची घडण मात्र मी मन लावून ऐकली. आत बल्बसारखा जड गाभा असतो आणि त्याला तिकडेही कोअरच म्हणतात. आमचा कोअर वाळूचा. पोकळी सोडून त्याने निघून जावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा, म्हणून ओतकाम झाले की आम्ही तो फोडून काढतो. यांचा कोअर आत मुक्काम ठोकून चेंडूला वळण लावतो. त्याच्याभोवती साच्यात रेझिनचे कवच ओततात, मग घासून गोल करतात. पूर्वी हे चेंडू लाकडाचे असत. 1905 साली रबराचा आला. कारखान्यातून चेंडू बिनभोकाचाच निघतो. पुढे हाताचे माप घेऊन भोके पाडतात, आणि त्यात अंगठ्यापासून मधल्या दोन बोटांच्या पेरांपर्यंतचे अंतर आणि प्रत्येक भोकाचा व्यास तर येतोच, पण भोक आत किती तिरके जावे हेही ठरवतात. अथणीची चप्पल आठ दिवस चावते आणि मग आपली होते. रेझिनला असा पाझर फुटत नाही.

दुपारी भाचा झोपल्यावर मी बोटे घातली. बोटे निघाली, अंगठा निघाला नाही. साबण झाला, खोबरेल झाले. प्रत्येक हिसक्यासरशी अंगठा फुगत गेला. फोनवर डॉक्टरांनी सांगितले, "हात छातीच्या वर धरून ठेवा, सूज उतरेल." चेंडू चौदा पौंडांचा, म्हणजे 6.35 किलो! शेवटी पत्नीने मला जमिनीवर आडवे केले, उशाशी तांदळाचा डबा ठेवला आणि त्यावर माझा हात चेंडूसकट चढवला.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू आरतीचे तीर्थ घेऊन आल्या. डाव्या हाताने तीर्थ घेणे शक्य नव्हते आणि उजव्या हातात तळवा म्हणून चेंडूच होता. काकूंनी क्षणभर विचार केला आणि माझ्या तोंडातच पळी रिकामी केली. "कुठलं व्रत म्हणायचं हे, भावजी?" असे त्यांनी अत्यंत आदराने विचारले.

तासाभराने अंगठा सुटला. तोवर भाचा उठला होता. त्याने अंगठ्याच्या भोकात नख घालून एकामागून एक तीन चिकटपट्ट्या सोलून काढल्या.

"अंगठा दिवसभरात कमीजास्त होतो ना, मामा, म्हणून भोक लहान करायला टेप लावतो. आता घालून बघा, सैल होईल."

पत्नीने काही न बोलता चेंडू उचलला आणि तांदळाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावले.